दिवा घरोघरी, नाव मात्र अंधारात

अमरावतीच्या अंबागेट-बुधवाऱ्यातले जुने वाडे असोत, अकोल्याच्या जुन्या शहरातली माळवदाची घरे असोत, नाहीतर एखाद्या तालुक्याच्या गावची किराणा दुकाने असोत. एक चित्र आपण सर्वांनीच कधी ना कधी भिंतीवर पाहिलेले आहे. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर एक तरुणी उभी आहे. एका हातात दिवा आहे. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा तिने केला आहे. बोटांच्या फटींतून उजेड झिरपतो आहे, तोच चेहऱ्यावर, साडीच्या काठावर पसरला आहे आणि तिची सावली मागच्या भिंतीवर पडली आहे. कोणी ते कॅलेंडरवर पाहिले असेल, कोणी मिठाईच्या डब्यावर, तर कोणी म्हैसूर-उटीच्या सहलीहून येताना पुठ्ठ्याच्या नळकांड्यात गुंडाळून घरी आणले असेल.

हे चित्र कोणाचे, असे विचारले तर दहांपैकी नऊ जण बिनदिक्कत सांगतात, राजा रविवर्म्याचे. फ्रेमच्या खाली तसे छापलेलेही असते. पण ते रविवर्म्याचे नाही. ते काढले सावंतवाडीच्या एका मराठी माणसाने. त्याचे नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकर. आणि दुसरी गोष्ट तर त्याहून नवलाची. ते तैलचित्र नाही. चित्रकार ज्याला सर्वांत हट्टी माध्यम म्हणतात, त्या जलरंगात, कागदावर ते रंगवलेले आहे. ज्याचे चित्र घराघरात पोचले आणि नाव मात्र वाटेतच गळून पडले, अशा या कलावंताची ही कहाणी आहे.

सावंतवाडी ते मुंबई

हळदणकरांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८२ रोजी सावंतवाडीत झाला. सावंतवाडी हे तेव्हा एक छोटे संस्थान होते, पण रंगांच्या बाबतीत मोठे श्रीमंत. तिथल्या चितारअळीत लाकडी खेळण्यांवर, फळांच्या हुबेहूब नमुन्यांवर लाखेचे रंग चढत. गंजिफाच्या गोल पत्त्यांवर दशावतार रंगवले जात. भोवती तळे, नारळी-पोफळीची गर्दी आणि वर्षातले चार महिने कोसळणारा पाऊस. पाणी आणि रंग यांच्याशी ज्याचे पुढे आयुष्यभराचे नाते जडले, त्याचे बालपण अशा गावात गेले ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शाळेत असतानाच त्यांचा हात चित्रकलेत चालतो हे मुख्याध्यापकांच्या ध्यानात आले. सावंतवाडीच्या राजेसाहेबांपर्यंत ही गोष्ट गेली आणि त्यांच्या आश्रयाने १९०३ साली सावळाराम मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. मुलाने चित्रकार व्हावे, असे त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात कोणाला वाटत नसे. आजही फारसे वाटत नाही. अशा वेळी गावाने आणि दरबाराने मागे उभे राहणे ही केवढी मोठी गोष्ट होती!

त्या दिवसांत कोकणातून मुंबईला जायचे म्हणजे वेंगुर्ल्याच्या बंदरातून आगबोट पकडायची. आपल्या वऱ्हाडात आगगाडी १८६७ पर्यंत येऊन बदनेऱ्यावरून पुढे नागपूरला पोचलीही होती. सावंतवाडीला रेल्वे पाहायला मात्र थेट कोकण रेल्वे होईपर्यंत वाट बघावी लागली. प्रवासाच्या दृष्टीने पाहिले तर अकोल्याचा मुलगा सावंतवाडीच्या मुलापेक्षा मुंबईला जवळ होता. पण १९०३ याच साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि आपल्या मुलांची तोंडे शिक्षणासाठी नागपूरकडे वळली. मुंबई इलाख्यातली ती कलाशाळा आपल्याला परप्रांतातलीच राहिली. पुढे १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला, तोवर हळदणकरांच्या आयुष्यातले बहुतेक काम होऊन गेले होते. वऱ्हाडातल्या घरांत त्यांचे चित्र पोचले आणि नाव पोचले नाही, याला हेही एक कारण असू शकेल.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली निघालेली जे. जे. ही संस्था तेव्हा सेसिल बर्न्स या इंग्रज प्राचार्यांच्या हाती होती. शिकवणे पाश्चात्त्य धाटणीचे. आधी पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर बसवलेल्या जिवंत माणसावरून. छायाप्रकाश अचूक, शरीराचे प्रमाण अचूक, आणि मग रंग. पण या इंग्रजी शाळेत आपली माणसेही होती. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर होते, ज्यांच्या कुंचल्याने मराठी स्त्रीची नऊवारी, तिची चाल आणि तिचे बसणे-उठणे जसेच्या तसे कागदावर उतरवले. गोव्याचे आंतोनियो त्रिंदाद होते, ज्यांच्या व्यक्तिचित्रांतला उजेड-अंधाराचा खेळ पाहून लोक त्यांना पूर्वेकडचा रेम्ब्रांट म्हणत. या दोघांचा संस्कार हळदणकरांवर झाला. धुरंधरांकडून आपल्या माणसांकडे पाहण्याची दृष्टी आणि त्रिंदादांकडून उजेडाची ओढ, असे त्याचे वर्णन केले तर फारसे चुकणार नाही.

मास्तर चित्रकार

शिक्षण संपल्यावर चित्रकाराने काय करायचे, हा प्रश्न तेव्हाही होताच. संस्थानिकांची तैलचित्रे काढायची, नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे, नाहीतर शाळेत ड्रॉइंग मास्तर व्हायचे, असे मोजकेच रस्ते. हळदणकरांनी १९०८ साली मुंबईत स्वतःचीच शाळा काढली. हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट हे तिचे नाव. वय अवघे पंचविशीचे. जे शिकलो ते आपल्या भाषेत, आपल्या मुलांना, त्यांना परवडेल अशा रीतीने शिकवायचे हा विचार त्यामागे होता.

अशा खासगी वर्गांचे महत्त्व आज आपल्याला कळणे कठीण आहे. जे. जे.त प्रवेश मिळणे सर्वांना शक्य नसे. दिवसा नोकरी करणाऱ्या, खानावळीत जेवून खोलीत पाच जणांत राहणाऱ्या होतकरू मुलांना हे वर्ग म्हणजे मोठा आधार होता. सरकारी चित्रकला परीक्षांची तयारीही अशा वर्गांतून होई. आपली मुले आजही शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे पेपर देतात आणि पाण्याचा डबा सांडला म्हणून रडत घरी येतात. त्या परीक्षांची परंपरा जुन्या मुंबई इलाख्यापासून चालत आलेली आहे, आणि हळदणकरांसारख्या मास्तरांनीच ती घराघरात रुजवली.

१९१८ साली त्यांनी आणखी एक काम केले. मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून होती. तिची वार्षिक प्रदर्शने म्हणजे चित्रकारांची पंढरी. पण तिच्यावर वरचष्मा साहेबांचा. भारतीय चित्रकारांचे स्वतःचे व्यासपीठ असावे म्हणून हळदणकर आणि त्यांच्या काही चित्रकार मित्रांनी आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. पुढे ते तिचे अध्यक्षही झाले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की त्यांनी जुन्या सोसायटीशी भांडण मांडून चित्रे पाठवणे थांबवले नाही. तिथेही ते चित्रे लावत राहिले आणि तिथले सुवर्णपदकही त्यांनी मिळवले. मक्का यात्रेला निघालेल्या यात्रेकरूचे ‘अ मोहमेडन पिल्ग्रिम’ हे त्यांचे चित्र जाणकारांच्या विशेष पसंतीस उतरले. कोलकाता, मद्रास, सिमला अशा ठिकाणच्या प्रदर्शनांतूनही त्यांची चित्रे गौरवली गेली. घरचे व्यासपीठ उभारायचे आणि परक्याच्या आखाड्यात उतरून कुस्तीही मारायची, असा हा खाक्या होता.

पाण्याशी करार

आता थोडे त्यांच्या हत्याराविषयी बोलायला हवे. कारण जलरंग म्हणजे काय हे कळल्याशिवाय हळदणकरांचे मोठेपण कळणार नाही.

तैलरंगात चूक झाली तर चित्रकार ती खरवडून काढतो, वर दुसरा थर देतो. उद्या करू, परवा करू अशी सवलत तिथे असते. जलरंगात ती नाही. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरायचाच नसतो. मग पांढरे कुठून आणायचे? तर कागदच पांढरा असतो, तोच राखायचा. म्हणजे चित्रातला सर्वांत उजळ भाग हा रंगवलेला नसतो, तो न रंगवता सोडलेला असतो. ज्वारीच्या पिठाच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवताना कुठे थांबायचे हे जसे आईला न सांगता कळते, तसे इथे कुठे थांबायचे हे हाताला कळावे लागते. एकदा त्या जागेवर रंगाचा थेंब पडला की तिथला उजेड गेला. पुसून जुना पांढरेपणा परत येत नाही.

शिवाय काम फिक्याकडून गडदाकडे करत जायचे. आधी भरपूर पाण्यात मिसळलेल्या रंगाचा पातळ हात, ज्याला चित्रकार वॉश म्हणतात. तो वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा. खालचा रंग वरच्यातून दिसत राहतो, त्यामुळे निळ्यावर पिवळा चढला की हिरवा आपोआप उमटतो. कागद ओला असताना रंग टेकवला तर तो पसरतो, कडा विरघळतात. तेच कागद वाळल्यावर टेकवला तर कडा चाकूसारखी उमटते. ढग रंगवायचा तर ओल्यावर, झाडाची फांदी रंगवायची तर वाळल्यावर. आणि ओल किती, वाळणे किती, हे सांगणारे घड्याळ कोणाकडे नसते. ते हवेच्या हाती असते.

आपल्या वऱ्हाडात तर हे घड्याळ फारच पळते. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, कोणी अंगणात कागद मांडून आकाश रंगवायला बसावे आणि बघावे. कुंचला डाव्या टोकाकडून उजव्या टोकाला पोचेपर्यंत डावीकडचा रंग वाळून जातो आणि मध्येच पट्टा उमटतो. कोकणातल्या दमट हवेत नेमकी उलट अडचण, रंग वाळता वाळत नाही. म्हणून आपल्याकडचे कलाशिक्षक मुलांना सकाळच्या उन्हात चित्राला बसवतात, कागदाची मागची बाजूही ओली करून घेतात. जलरंगाचा चित्रकार हा असा हवामानाशी जुळवून घेणारा शेतकरीच असतो. पेरणीची वेळ चुकली की पीक गेले.

एवढे कठीण असूनही मान मात्र तैलरंगाचा. ही तक्रार जगभर जुनी आहे. इंग्लंडात तर तैलचित्रांच्या गर्दीत आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून जलरंगवाल्यांनी १८०४ साली आपली वेगळी संस्था काढली होती. बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९०३ साली कोलकात्यात आलेल्या जपानी चित्रकारांचे काम पाहून जलरंगाची आपली निराळी पद्धत घडवली. चित्र रंगवायचे, पाण्यात भिजवायचे, पुन्हा रंगवायचे. त्यातून सगळे चित्र धुक्यात बुडाल्यासारखे स्वप्नाळू दिसते. हळदणकरांची वाट वेगळी. त्यांना धुके नको होते. समोरचा माणूस समोर दिसला पाहिजे, त्याच्या दाढीचा केस, अंगरख्याची चुणी, डोळ्यांतला ओलावा दिसला पाहिजे, आणि तरीही रंग ताजा, नुकताच कागदावर टेकवल्यासारखा राहिला पाहिजे. बारकावा आणि ताजेपणा या दोन गोष्टींचे जलरंगात हाडवैर आहे. बारकाव्याच्या नादी लागले की रंग मळतो. ताजेपणा राखायला गेले की आकार निसटतो. त्या दोघांना एकाच कागदावर सुखाने नांदवणे, ही हळदणकरांची कमाई.

ते तैलरंगातही तेवढेच पारंगत होते, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी तैलरंगात व्यक्तिचित्रे केली, त्यांतून प्रपंच चालवला. जलरंग ही त्यांची अडचण नव्हती, आवड होती.

दिवाळीतली ती संध्याकाळ

आता त्या चित्राकडे वळू. ‘ग्लो ऑफ होप’ हे त्याचे इंग्रजी नाव जगभर गाजले. चित्रातली तरुणी म्हणजे हळदणकरांची लेक गीता, लग्नानंतरच्या कोल्हापूरच्या गीता उपळेकर. त्यांनी पुढे सांगितलेली हकीगत अशी. दिवाळीचे दिवस. घरात दिव्यांची लगबग. साडी नेसलेली लेक हातात दिवा घेऊन निघाली होती आणि ज्योतीवर तिने हाताचा आडोसा धरला होता. वडिलांची नजर गेली आणि तिथेच थांबली. तशीच उभी राहा, असे त्यांनी सांगितले. मग सुरू झाले ते तासन्तास उभे राहणे.

ज्यांना चित्रकारासमोर बसायची कधी वेळ आली असेल त्यांनाच हे कष्ट कळतील. दिवा धरलेला हात खाली यायला नको. दुसऱ्या हाताची बोटे हलायला नकोत, कारण बोट हलले की सावली हलते आणि सगळा हिशोब चुकतो. घरातल्या मुलीने दिवाळीसारख्या सणाला, फराळ आणि मैत्रिणी सोडून, वडिलांच्या हट्टापायी असे उभे राहावे! चित्रात तिच्या चेहऱ्यावर जो शांतपणा आहे, त्यामागे किती सोसणे आहे, हे पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ते येऊ नये, हेच तिचेही यश म्हटले पाहिजे.

हे चित्र तैलरंगात केले असते तर कोणी आश्चर्य केले नसते. अंधारात दिव्याचा उजेड हा तैलरंगाचा हक्काचा विषय. गडद रंगाचा दाट थर द्यायचा आणि त्यावर पिवळ्या-पांढऱ्याचे फटकारे मारायचे. पण हळदणकरांनी हेच जलरंगात करून दाखवायचे ठरवले. चुकीला जागा नसलेल्या माध्यमात चूक न करता हे होऊ शकते, हे त्यांना सिद्ध करायचे होते.

यातली अडचण अशी. जलरंगाचा स्वभाव उजळ. त्याला मोकळे आकाश, पाणी, ऊन मानवते. दाट काळोख हे त्याचे काम नव्हे. पारदर्शक रंगात काळोख आणायचा तर थरावर थर चढवावे लागतात आणि फार थर चढले की रंग मेल्यासारखा, चिखलासारखा दिसू लागतो. तेव्हा काळोख तर हवा, पण तो जिवंत हवा. आणि त्या काळोखाच्या ऐन मध्यभागी कागदाचा कोरा पांढरेपणा राखून ठेवायचा. तिथे, बोटांच्या आडोशाला, ज्योतीचे सगळे तेज आहे. तिथून उजेड जसजसा दूर जातो, तसतसा तो पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा तांबूस आणि मग अंधार होत जातो. आपण दिव्यासमोर हात धरला की बोटांच्या कडा आतून लालसर दिसतात. लहानपणी कंदिलासमोर हा खेळ आपण सर्वांनी केलेला आहे. ती लाली चित्रात नेमकी उतरली आहे. मागच्या भिंतीवरच्या सावलीत अंतराचे गणितही चोख बसले आहे.

नाव कसे हरवले

चित्र म्हैसूरच्या राजघराण्याच्या संग्रहात गेले आणि तिथल्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनाचे भूषण ठरले. अंधाऱ्या जागेत ते मांडलेले असे. आत शिरल्यावर क्षणभर वाटायचे की खरोखरच कोणी दिवा घेऊन समोर उभे आहे. दक्षिणेच्या सहलीहून परतलेली आपल्याकडची मंडळी बागेतली कारंजी जितक्या कौतुकाने सांगत, तितक्याच कौतुकाने या चित्राविषयी सांगत.

घोटाळा झाला तो तिथेच. त्याच कलादालनात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत. म्हैसूरच्या महाराजांसाठी त्यांनी पुराणप्रसंगांवरची चित्रे केली होती. शिवाय रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढून लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घराघरात पोचवली होती. साडीतली सुंदर स्त्री, खऱ्यासारखी रंगवलेली, म्हणजे रविवर्मा, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले होते. छापणाऱ्यांनीही ते तपासले नाही. रविवर्म्याच्या नावावर प्रत खपत होती, मग तपासायचे कोणी?

खरे म्हणजे साधी बेरीज-वजाबाकी केली तरी पुरे आहे. रविवर्मा १९०६ साली वारले. चित्रातली गीता जन्मली तेव्हा त्यांना जाऊन दहा वर्षांच्या आसपास काळ लोटला होता. जी मुलगी अजून जगात यायची होती, तिचे चित्र ते कसे काढणार? आणि रविवर्म्यांची थोरवी तैलरंगातली. या चुकीने त्यांचेही काही वाढले नाही. त्यांच्याजवळ स्वतःचे पुष्कळ होते. कमी झाले ते हळदणकरांचे.

एखाद्याची वस्तू चोरीला गेली तर पोलिसांत तक्रार करता येते. नाव चोरीला गेले, तेही कोणी मुद्दाम न चोरता, तर तक्रार कोणाकडे करायची? लोकगीतांचे, ओव्यांचे असेच होते. दळणाच्या जात्यावर शेकडो बायांनी ओव्या रचल्या, त्यांतल्या एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. पण त्या ओव्या सर्वांच्या झाल्या. इथे तसेही झाले नाही. इथे नाव गळाले आणि त्या जागी दुसऱ्याचे चिकटले. आणि चित्रासाठी उभी राहिलेली लेक तर दुहेरी अंधारात गेली. चित्रकार चुकीचा, मग ती कोण हे विचारायचे कोणाच्या मनात येणार?

नवे वारे आणि वऱ्हाडचे दोघे

हळदणकरांच्या उत्तरायुष्यात आणखी एक वादळ आले. १९४७ साली मुंबईत सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे. जे. जे.च्या हुबेहूब चित्रणाचा त्यांना उबग आला होता. समोर दिसते तसे काढणे ही कला नव्हे, असे त्यांचे म्हणणे. हळदणकरांनी ज्या गोष्टीसाठी हयात घालवली, नेमकी तीच या मुलांना जुनाट वाटत होती.

या सहांतले हरी अंबादास गाडे हे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. शंकरपटासाठी गाजलेल्या या गावात १९१७ साली त्यांचा जन्म झाला. नागपूरला विज्ञानाची पदवी घेतली आणि मग रंगांकडे वळले. गंमत अशी की या बंडखोर गाडे यांचीही सुरुवात जलरंगातल्या निसर्गचित्रांनीच झाली. पुढे ते तैलरंगाकडे गेले, घरे आणि डोंगर त्यांच्या चित्रांत रंगांच्या चौकोनांत विरघळत गेले. २००१ साली ते वारले. अकोल्यात जन्मलेले अंबादास खोब्रागडे यांनी तर त्याहून पुढची मजल मारली. १९६३ साली दिल्लीत ज्याचे प्रदर्शन गाजले त्या ‘ग्रुप १८९०’चे ते एक संस्थापक, आणि त्यांच्या चित्रांत माणूस, झाड, घर काहीच ओळखू येत नाही, उरतात त्या फक्त रंगाच्या वाहत्या लाटा. २०१२ साली दूर नॉर्वेत ऑस्लो इथे त्यांचे निधन झाले. हुसेन-रझांच्या चित्रांच्या कोटींच्या लिलावांच्या बातम्या आपण वाचतो. आपल्याच मातीतल्या या दोघांची नावे मात्र आपल्या मुलांना ठाऊक नसतात. तेव्हा हळदणकरांचे नाव विसरले म्हणून कोकणाला आणि मुंबईला बोल लावण्याआधी आपल्याही अंगणात पाहिलेले बरे.

नव्या वाऱ्याला हळदणकर डगमगले नाहीत. त्यांनी आपली वाट बदलली नाही. फॅशन म्हणून अंगरखा बदलणाऱ्यांतले ते नव्हतेच. ललित कला अकादमीने त्यांचा गौरव केला. त्यांचे चिरंजीव गजानन हळदणकर हेही जलरंगातले नामांकित चित्रकार झाले, बापाचा कुंचला लेकाने तेवढ्याच मायेने पुढे चालवला. ३० मे १९६८ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, सावळाराम हळदणकर गेले.

आज मागे वळून पाहताना वाटते, जुने आणि नवे हा वाद काळाने आपोआप मिटवला आहे. गाडे यांचा रंग आणि हळदणकरांचा उजेड, दोन्ही आपलेच. एकाने दिसणाऱ्या जगाच्या पलीकडचे शोधले, दुसऱ्याने दिसणारे जग इतक्या प्रेमाने पाहिले की त्यातच पलीकडचे दिसू लागले. दोघांपैकी एकाला निवडायची सक्ती पाहणाऱ्यावर नाही.

गीताबाई दीर्घायुषी ठरल्या. वयाची शंभरी ओलांडून २०१८ साली त्या कोल्हापुरात गेल्या. अखेरच्या वर्षांत वर्तमानपत्रांनी त्यांची दखल घेतली आणि दिवा घेतलेली ती तरुणी कोण, हे पुष्कळांना पहिल्यांदाच कळले. कागदावरची लेक तरुणच राहिली होती आणि जगातली लेक आजी, पणजी होऊन सुखाने मावळली. बापाने एका संध्याकाळचा उजेड धरून ठेवला, आणि लेकीने आपल्या हयातीत त्या उजेडाला खरे नाव मिळताना पाहिले. अशी भाग्याची सांगता फार थोड्या चित्रांच्या वाट्याला येते.

तेव्हा घरात हे चित्र असेल तर एक छोटेसे काम करावे. फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर, शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हातून, त्याच्याच अक्षरात दोन ओळी लिहून घ्याव्यात. चित्रकार, सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडी. चित्रात त्यांची लेक गीता. आणि मुलगा एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणार असेल, तर त्याला इतके जरूर सांगावे की यातला सर्वांत तेजस्वी भाग चित्रकाराने रंगवलेलाच नाही. तो त्याने जपून कोरा ठेवला आहे.